दोनदा दिलेला शब्द

देवाला शब्द एकदाच द्यायचा असतो. आमच्या लुसीला तो दोनदा द्यावा लागला, आणि त्याला कारण माझी पेज आणि नजीराची शेळी.

मी मूळची वसईची. सिस्टर अपोलोनिया हे माझं कॉन्व्हेंटातलं नाव. कोल्हापूरकरांच्या जिभेवर ते कधी बसलं नाही, म्हणून स्टेशनच्या रस्त्याला मी सगळ्यांची पोलीबाई. गादीवर तेव्हा शाहू महाराज होते आणि तिकडे विलायतेत मोठी लढाई चालली होती. आमचं कॉन्व्हेंट म्हणजे पाचसहा सिस्टर, काही पोरक्या मुली आणि एक छोटा दवाखाना. शिकलेल्या सिस्टर दवाखाना आणि शाळा बघायच्या. माझ्याकडे चूल. माझी जीभ जरा जास्तच चालते म्हणून मला पाहुण्यांपुढे फारसं आणत नसत, आणि मलाही त्याचं काही वाटत नसे.

लुसी आली गडहिंग्लजच्या बाजूच्या एका खेड्यातून. घरचं नाव रोझा बारदेस्कर. त्या बाजूला गोव्याहून कैक पिढ्यांमागे आलेली किरिस्तावांची घरं आहेत. मिरची लावतात, भुईमूग लावतात, आणि पाद्री महिनोन्‌महिने फिरकला नाही तरी संध्याकाळची रोजरी, म्हणजे जपमाळ, चुकवत नाहीत. आई लहानपणीच गेलेली. बाप सांतान तिला पोचवायला आला तेव्हा बैलगाडीत ही एक आणि मिरचीचं एक पोतं. मी म्हटलं, "काय ग, हुंड्यात मिरची आणलीस?"

"मग काय झालं?" ती म्हणाली. "देवाला तिखट चालतंय की."

तिथेच ती मला आवडली. दणकट पोरगी, हसली की हिरड्या दिसायच्या. तिकडच्या बायका स्वतःबद्दल पुरुषासारखं बोलतात, मी आलो, मी गेलतो. मदर तिला सुधारून सुधारून थकल्या. आमच्या मुख्य मदर ब्रिजिट आयर्लंडच्या. त्यांचं मराठी पुस्तकातून शिकलेलं, इस्त्री केल्यासारखं. लुसी त्यांच्यापुढे नीट "मी आले" म्हणायची आणि स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडला की "आलो बघा सिस्टर" म्हणून पाटावर बसायची.

आमच्यात नवीन मुलीला नॉव्हिस म्हणतात. पहिली दोन वर्षं तिच्या डोक्यावर पांढरं कापड असतं. त्या काळात ती आमची असते आणि नसतेही. तिला वाटलं तर ती जाऊ शकते, आम्हाला वाटलं तर आम्ही पाठवू शकतो. दोन वर्षं सरली की ती गरिबी, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन अशी तीन व्रतं घेते आणि डोक्यावर काळं कापड येतं. मग ती मरेपर्यंत आमची. लुसीला त्या काळ्या कापडाची इतकी घाई, की दोरीवरची आमची कापडं काढताना स्वतःच्या डोक्यावर धरून बघायची. एकदा मी तिला पकडलं. लाजली असेल तर शपथ.

"मापाचं हाय का बघत हुतो," म्हणाली.

दुसऱ्या हिवाळ्यात तिला खोकला लागला. गुऱ्हाळं चालू झाली होती, मी गुळात आलं उकळून दिलं, छातीला तेल चोळलं. आठवडे गेले तरी खोकला हटेना. मग एका सकाळी धुण्याच्या दगडावर रक्त दिसलं. तिनं घाईघाईनं पाणी ओतलं, पण मी पाहिलं होतं. मिरजेहून आलेल्या डॉक्टरांनी छाती वाजवून पाहिली आणि क्षय म्हणाले. तिची खाट मागच्या उघड्या पडवीत गेली, वाटी-ताट वेगळं झालं, आणि पोरक्या मुलींना तिकडे जायची बंदी झाली. मला बंदी घालायची कुणाची छाती नव्हती.

माघात एका दुपारी उलटीसारखं रक्त आलं आणि थांबेना. दवाखान्यातली सिस्टर नाडी धरून बसली आणि तिनं मदरकडे पाहून मान हलवली. बेळगावचे फादर कुतिन्यो महिन्यातून एकदा आमच्याकडे मिस्सा, म्हणजे आमची मोठी उपासना, करायला यायचे, ते नशिबानं त्या दिवशी इथेच होते. त्यांनी मरणाऱ्याला लावतात ते अखेरचं तेल लावलं. लुसीनं डोळे उघडले आणि मदरकडे बघत विचारलं, "माझी व्रतं?"

दोन वर्षं पुरी व्हायला अजून अवकाश होता. पण मरणाच्या दारात असलेल्या नॉव्हिसला वेळेआधी व्रतं घेता येतात, अशी परवानगी रोमहून थोड्याच वर्षांपूर्वी आली होती. मदरनी फादरना विचारलं, फादर हो म्हणाले. त्या परवानगीचं पुढचं अर्धं वाक्य काय आहे, हे त्या गडबडीत कोण विचारतंय?

वारा खासबागेच्या बाजूनं वाहत होता. मैदानात कुस्त्या चालल्या होत्या आणि मधूनच लोकांचा केवढा तरी गलका पडवीपर्यंत यायचा. त्या गलक्यात लुसीनं मदरच्या हातात हात देऊन, एकेक शब्द श्वास घेत घेत, व्रतं घेतली. गरिबीत राहीन, ब्रह्मचर्यात राहीन, आज्ञेत राहीन. मदरनी आपल्या कपाटातलं स्वतःचं काळं कापड आणून तिच्या डोक्यावर घातलं. मदर धिप्पाड, त्यामुळे ते कपाळावरून पार भुवयांवर आलं. लुसी त्याच्या आतून हसली. मग आम्ही सगळ्या गुडघ्यांवर बसलो आणि तिच्या मरणाची वाट पाहत रोजरी म्हणू लागलो. मी तर मोठ्यानं रडत होते.

ती मेली नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं ओठ हलवले. मी पेजेची निवळ चमच्यानं घातली, तिनं गिळली. माझा नियम साधा आहे, गिळतंय तोवर घालायचं. फादर बेळगावला गेले, सिस्टर आपापल्या कामाला लागल्या, आणि मी चमचा घेऊन पडवीत बसले. निवळीनंतर पेज, पेजेनंतर मऊ भात, त्यावर तूप.

आणि दूध. आमच्या मागच्या बोळात निसार पिंजाऱ्याचं घर होतं. त्याची बायको नजीरा आमच्या दवाखान्यात बाळंत झालेली, त्यामुळे तिला आमचं घर परकं नव्हतं. तिची शेळी नुकतीच व्याली होती. छातीच्या दुखण्याला शेळीचं दूध चांगलं म्हणून ती रोज सकाळी तांब्या घेऊन यायची, पडवीच्या कडेला बसायची आणि लुसी शेवटचा घोट घेईपर्यंत हलायची नाही.

"प्या बाई," ती दटावायची. "काडी झालीया नुसती. वाऱ्यानं उडून जाशीला."

बघता बघता ताप उतरला. रक्त थांबलं. लुसी उठून बसली, मग खांब धरून उभी राहिली, मग विहिरीपर्यंत चालत गेली. आमच्या घरात चमत्कार झाल्याचं मी बाजारात भाजीवालीपासून टांगेवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगितलं. चमत्कारात माझी पेज किती आणि देव किती, हे मात्र मी ऐकणाऱ्यावर सोडायची.

पुढच्या महिन्यात फादर कुतिन्यो आले तेव्हा लुसी उन्हात बसून तांदूळ निवडत होती. डोक्यावर मदरचं ते मोठं काळं कापड, टाचण्या लावून बसवलेलं. मला वाटलं, फादर आनंदानं हात वर करतील. त्यांचा चेहरा उतरला. ते सरळ मदरच्या खोलीत गेले. थोड्या वेळानं लुसीला बोलावणं आलं. मला बोलावलं नव्हतं, पण कॉफी नेऊन द्यायला हवी होती, म्हणून मीही गेले आणि कपबशा मांडत राहिले.

मदर बोलायला लागल्या तेव्हा त्यांचं इस्त्रीचं मराठी पहिल्यांदा चुरगळलेलं ऐकलं. "माझ्या बाळा, मरणाच्या वेळी घेतलेली व्रतं मरणासाठी असतात. माणूस सावरलं, तर ती राहत नाहीत. ती घेतलीच नव्हती, असं धरायचं असतं. नियम तसा आहे."

लुसीला आधी कळलंच नाही. मला कळलं.

"म्हणजे हे?" तिनं डोक्याला हात लावला.

लुसीनं स्वतःच एकेक टाचणी काढली, कापड उतरवलं, गुडघ्यावर ठेवून त्याच्या चार घड्या घातल्या आणि मदरच्या टेबलावर ठेवलं. आजारात तिचे केस कापले होते. ते डोकं एखाद्या लहान पोरासारखं दिसत होतं. मला ते बघवेना.

अजून एक गोष्ट बाकी होती, ती फादरांनी सांगितली. दोन वर्षं लवकरच पुरी होत होती. नॉव्हिसला कायमचं घ्यायचं तर तिची तब्येत धड हवी. क्षय काही गेला नव्हता, थोडा मागे सरला होता एवढंच. अशा मुलीला घेता येत नाही. वर्षं पुरी व्हायच्या आत तिला घरी जावं लागेल.

दुसऱ्या दिवशी नजीरानं पांढरं कापड पाहिलं आणि मला चुलीपाशी येऊन विचारलं. मी सगळं सांगितलं. ती तांब्या हातात धरून उभी राहिली.

"म्हंजे पोलीबाई, मेली असती तर तुमची, आन जगली तर न्हाय?"

मी तिच्यावर खेकसले. तुला काय कळतंय आमच्यातलं, आपली शेळी सांभाळ म्हटलं. ती गेली. मग मी एकटीनं सगळी पातेली घासायला काढली, घासलेलीसुद्धा. कारण तिनं विचारलं होतं तेच मी रात्रभर देवाला विचारत होते आणि देवही काही बोलला नव्हता.

त्यानंतर लुसी पुन्हा उतरायला लागली. मी म्हटलं, मनाला लागलंय, येईल वर. पण ताप परत आला, गालांची हाडं वर आली. दूध रोज येत होतं, तांब्या रोज रिकामा जात होता. नजीरा आता पडवीत बसायची नाही, माझ्या खेकसण्यापासून ती तांब्या ठेवून लगेच परत जायची आणि नंतर येऊन न्यायची. पडवीच्या मागे शेवग्याचं झाड आहे. एकदा मी शेंगा काढायला गेले तर बुंध्याशी मुंग्यांची ही रांग. माती वाकून पाहिली. पांढरी खरपुडी धरली होती, वास आला. दूध.

मी तशीच पडवीत गेले. "हे काय ग?"

तिनं नाकारलं नाही. भिंतीला टेकून बसली होती, डोळे तापानं चकाकत होते. "मी पाप करत न्हाय, सिस्टर. मी फक्त पीत न्हाय."

"आणि पेज?"

"पेज खातो. थोडी."

"मरायचंय तुला?"

"मरायचं न्हाय. मला आत ऱ्हायचंय." तिला धाप लागली. "मरणाच्या दारात गेलं की माझा शब्द धरत्यात, आन दारातनं मागं फिरलं की सोडत्यात. मग मी तितंच जाऊन बसतो की. घरी जाऊन मी कोण? किरिस्तावाची आजारी पोरगी. शेजारी इचारतील, देवानं का परत धाडली?"

मी ओरडले. देवानं दिलेलं अन्न मातीत ओततेस, तुला लाज नाही, एवढी चांगली माझी पेज, असं काय काय. माझा आवाज बोळात गेला असणार. नजीरा तांब्या न्यायला आली होती, ती दारातच थांबली. तिनं माझ्याकडे पाहिलं, लुसीकडे पाहिलं, मग पलीकडे जाऊन शेवग्याच्या बुंध्याशी उकिडवी बसली. मुंग्यांवरून बोट फिरवलं.

ती आत आली तेव्हा रागावलेली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं.

"शेळीला दोन करडं हुती," ती म्हणाली. "दोघास्नी पुरंल इतकं आन वर तुमाला, एवढं दूध तिला न्हाय. म्या म्हटलं, माणसाचा जीव मोठा. बारकं करडू गेलं परवा. तुमाला सांगितलं न्हाय, आजारी माणसाला कशाला सांगायचं."

लुसी एकदम ताठ बसली. "गेलं?"

"व्हय."

लुसी रडायला लागली. खोकला आणि रडणं एकत्र आलं की ते ऐकवत नाही. नजीरानं तिच्या पाठीवरून हात फिरवला, क्षयाच्या माणसाला शिवायचं नसतं हे कुणी तिला सांगितलं असेल तर ती विसरली. मग लुसीनं डोळे पुसले आणि हात पुढे केला. सकाळचा तांब्या अजून उशाशी तसाच भरलेला होता, ओतायची संधी मिळाली नव्हती. तिनं तो दोन्ही हातांनी उचलला आणि तोंडाला लावला.

मी तिला लाखो घास भरवले असतील, पण तिचं ते पिणं मी विसरणार नाही. ती काय पितेय हे तिला चांगलं ठाऊक होतं. एकेका घोटाबरोबर ती त्या काळ्या कापडापासून लांब चालली होती. तांब्या रिकामा झाल्यावर तिनं तो उपडा करून नजीराला दाखवला.

"उद्या आणू का?" नजीरानं विचारलं.

"ऱ्हायलेल्या करडाला आधी पाज," लुसी म्हणाली. "उरलं तर आण."

मी मदरच्या खोलीत गेले, दार न वाजवता. जे तोंडाला आलं ते बोलले. म्हटलं, हा कसला नियम, पोरगी मेली तर तिच्या थडग्यावरच्या क्रुसावर सिस्टर लिहिणार आणि जगली तर बैलगाडीत बसवून पाठवणार? एका बोळातल्या पिंजाऱ्याच्या बायकोला जे दिसतं ते रोमला दिसत नाही? मदर ऐकत राहिल्या. मला वाटलं, आता मला वसईला धाडतील.

"नियम मी केलेला नाही, अपोलोनिया," त्या म्हणाल्या. "आणि मला तो मोडता येत नाही." मग त्या उठून खिडकीशी गेल्या. "लुसीला मी घरी पाठवते. हवापालट करायला. काढून टाकत नाही. पांढरं कापड तिच्याजवळ राहील. बरी झाली तर तिनं परत यावं, राहिलेले दिवस इथे पुरे करावेत."

"आणि नाही झाली तर?"

"मग मरणाच्या दारात तिला पुन्हा व्रतं घेता येतील. माझे गुडघे आता बैलगाडीत चढत नाहीत. पण व्रतं ऐकून घ्यायचा आपला हक्क मदरला दुसऱ्या सिस्टरला देता येतो." त्या माझ्याकडे वळल्या. "मी तो तुला देते."

मी? ज्या बाईला पाहुण्यांपुढे आणत नाहीत तिला? मी म्हटलं, मला लॅटिन येत नाही. त्या म्हणाल्या, मराठीत घे.

"पण वेळ तुला ओळखावी लागेल," त्या म्हणाल्या. "लवकर घेतलीस आणि ती सावरली, तर कापड पुन्हा काढून घ्यावं लागेल. ते तिला दुसऱ्यांदा सोसणार नाही. आणि उशीर केलास तर ती तशीच जाईल."

भाताचं शीत दाबून शिजला की नाही ते मला सांगता येतं. माणसाचं कसं सांगायचं, ते मला कुणी शिकवलं नव्हतं. मी हो म्हटलं.

सांतान गाडी घेऊन आला. गाडीत गवताची गादी केली होती. लुसी चढली, डोक्यावर पांढरं कापड. नजीरा बोळाच्या तोंडाशी उभी होती. "पावणं," तिनं सांतानला हाक मारली, "घरी शेळी पाळा. आन समोर बसून पाजा. ही पोरगी लबाड हाय." लुसी हसली, हिरड्या दिसल्या. गाडी कागलच्या रस्त्याला लागेपर्यंत आम्ही दोघी तिथेच उभ्या होतो.

उन्हाळा गेला, पाऊस गेला. गडहिंग्लजच्या बाजूचा गाडीवान पिराजी मिरची घेऊन कोल्हापूरच्या पेठेत यायचा, त्याच्याकडून खबर कळायची. पोरगी अंगणात बसते. पोरगी शेळीचं दूध पिते, शेळीचं नाव पोली ठेवलंय. ते ऐकून मी पिराजीला चहा पाजला. मग दसऱ्याच्या सुमाराला तो आला तो दारातच उभा राहिला आणि पागोटं सारखं करत म्हणाला, "सांतानानं बोलवलंया. लगोलग चला."

मदरनी कपाट उघडून मला कापड दिलं. ते चारी बाजूंनी कापून लहान केलं होतं आणि कडेला बारीक टीप घातली होती. टीप वाकडी होती; घरात शिवणाऱ्या सिस्टरची नव्हे, मदरचीच. मी ते झग्याच्या आत छातीशी ठेवलं.

पिराजीच्या गाडीनं गेलो. कागलला बैल सोडले, संकेश्वरला मुक्काम केला, सकाळी हिरण्यकेशी ओलांडली. वाटेभर मी देवाला एकच सांगत होते, मला वेळ ओळखू दे. घरात शिरले तर सगळीकडे वाळत घातलेल्या मिरचीचा वास. खाटेवर लुसी. मी ओळखलं ते तिच्या हसण्यावरून, बाकी ओळखू येण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"आलासा?" ती म्हणाली. "पेज आणलीया न्हवं?"

मी तिच्याजवळ बसले. श्वास वर वर चालला होता, नखं निळी पडली होती. सांतान भिंतीशी उभा राहून माझ्याकडे बघत होता, जसं काही मला सगळं कळतं. संध्याकाळी तिचे पाय गार झाले. श्वास थांबायचा, मग दचकल्यासारखा पुन्हा सुरू व्हायचा. मी मनाशी म्हटलं, हीच वेळ. तिला तसं सांगितलं.

"आधी दूध," ती म्हणाली.

"अग, वेळ नाही."

"आधी दूध. नजीरा इचारंल."

सांताननं दूध आणलं. तिच्यानं दोनच घोट गेले, तिसरा ओठांवरून ओघळला, तो तिनं जिभेनं टिपला. मग तिनं माझे दोन्ही हात धरले, चुलीनं भाजलेले आणि मिरचीनं चरचरणारे, आणि मी सांगत गेले तसं तिनं म्हटलं. गरिबीत ऱ्हाईन. ब्रह्मचर्यात ऱ्हाईन. आज्ञेत ऱ्हाईन. मरेपर्यंत. मी छातीशी ठेवलेलं कापड काढून तिच्या डोक्यावर घातलं. ते कपाळावर नेमकं बसलं. तिनं बोटांनी कडा चाचपली.

"मापाचं हाय," म्हणाली, आणि डोळे मिटले.

मी खाटेला टेकून बसून राहिले. पहाटे कधीतरी माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा उजाडलं होतं. मी तिच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ थंड होतं, पण मेलेल्या माणसासारखं थंड नव्हे. घाम येऊन ताप उतरल्यावर लागतं तसं. श्वास संथ चालला होता. गालांवर थोडा रंग होता.

सांताननंही हात लावून पाहिला आणि त्याचा चेहरा उजळला. "ताप उतरला! सिस्टर, ताप उतरला! बाय वाचतीया माजी!" तो दूध तापवायला चुलीकडे धावला.

हिला मी चमच्यानं जगवलं होतं. हिच्या प्रत्येक घासाला मी देवाचे आभार मानले होते. आणि आता माझा हात तिच्या थंड कपाळावर होता, आणि माझे डोळे त्या काळ्या कापडावर होते. मी लवकर घेतली का? पुन्हा काढून घ्यावं लागणार का? मी तिथे बसून त्या पोरीचा ताप परत यायची वाट पाहत होते. असं कधी कुणावर येऊ नये.

लुसीनं डोळे उघडले. माझ्या तोंडाकडे पाहिलं. तिला माझं तोंड चांगलं वाचता यायचं, तांदळात खडा निघाला तरी तिला त्यावरून कळायचं. तिनं माझं एक बोट धरलं.

"भिऊ नगासा, सिस्टर," ती म्हणाली. "मी बरी न्हाय होत."

दूध तापायच्या आत तिनं तोही शब्द पाळला, माझं बोट धरलेला तिचा हात सुटला. सांतान तांब्या घेऊन आला, आणि तो मला त्याच्या हातातून घ्यावा लागला.